पुणे रेसकोर्सवरचा एक रविवार : दोन हजार रुपयांत काय मिळाले

पुण्यात चाळीस वर्षे काढूनही मी रेसकोर्सच्या आत कधी पाऊल ठेवले नव्हते. शेजारच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांच्या प्रदर्शनाला जायचे आणि कुंपणापलीकडचे हिरवे मैदान लांबूनच पाहून परतायचे, एवढाच काय तो संबंध. यात विनोदाचा भाग असा की महाविद्यालयात एकतीस वर्षे मानसशास्त्र शिकवताना जोखीम आणि निर्णय या प्रकरणातली माझी निम्मी उदाहरणे कॅनडा-अमेरिकेतल्या रेसकोर्सवरची असत. नणंदेचे यजमान हे जाणून होते. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ तरुणपणापासून हंगामातला सहसा एकही रविवार चुकवत नाहीत. यंदा ते म्हणाले, "वहिनी, पोहण्यावर जन्मभर व्याख्याने दिलीत. एकदा पाण्यात तर उतरा." ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी उतरले. हे त्या दिवसाचे परीक्षण आहे, आणि ते घोड्यांचे किंवा खानपानाचे नसून तिथे विकत मिळणाऱ्या मुख्य वस्तूचे, म्हणजे पैजेचे आहे.

निघताना मी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. एका पाकिटात दोन हजार रुपये घ्यायचे आणि त्याव्यतिरिक्त पर्समध्ये फक्त रिक्षाचे पैसे ठेवायचे. आठ रेस असतील तर प्रत्येकीवर फार तर दोनशे लावायचे आणि उरलेले चारशे चहापाण्याला ठेवायचे. तिसरी गोष्ट वहीची. प्रत्येक वेळी तिकीट घेण्याआधी आणि घेतल्यावर लगेच, आपला घोडा जिंकेल याची मला किती खात्री वाटते, ते सातपैकी गुण देऊन लिहायचे. ही युक्ती माझी नव्हे. १९६८ साली नॉक्स आणि इंकस्टर या दोन संशोधकांनी व्हँकूवरच्या रेसकोर्सवर दोन डॉलरच्या खिडकीपाशी उभे राहून नेमके हेच विचारले होते. रांगेतल्या लोकांना आपल्या घोड्याविषयी वाटणारी खात्री सातपैकी साडेतीनच्या आसपास होती; ज्यांनी नुकतेच तिकीट घेतले होते, त्यांची पावणेपाचच्या वर. मधल्या अर्ध्या मिनिटात घोड्यात काहीच बदल झालेला नव्हता. बदल झाला होता तो मागे फिरण्याची वाट बंद झाल्याने.

जे नवखे जातील त्यांच्यासाठी व्यवस्था थोडक्यात सांगते. पुण्याचा हंगाम साधारण पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे संपतो. मग घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात. हे मैदान १८३० सालापासूनचे आहे. पैज दोन प्रकारे लावता येते. एक टोटच्या खिडकीवर, दुसरी परवानाधारक बुकींकडे. बुकी तुम्हाला ठरावीक भाव देतो, म्हणजे घोडा जिंकला तर एका रुपयामागे किती मिळतील ते आधीच सांगतो. टोटमध्ये मात्र सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जमा होतात, त्यातून कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. दहा रुपयांमागे किती, ते डिव्हिडंड म्हणून जाहीर होते. म्हणजे टोटमध्ये तुमचा प्रतिस्पर्धी क्लब नसतो, शेजारी उभा असलेला माणूस असतो. 'विन' म्हणजे तुमचा घोडा पहिलाच यायला हवा, 'प्लेस' म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालेल. 'टनाला'त पहिले तीन क्रमाने सांगायचे आणि 'जॅकपॉट'मध्ये लागोपाठच्या पाच रेसचे विजेते. खेरीज कर आहे. रेसच्या पैजेवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. इतका कर डोक्यावर असताना सरासरीने पैसे वाढणे जवळपास अशक्य आहे, हे पाचवीतल्या मुलालाही मांडून दाखवता येईल. तरीही खिडकीपुढे रांगा होत्या आणि त्यातल्या एका रांगेत मी होते.

पहिल्या रेसला मी चार नंबरचा घोडा लावला. कारण विचाराल तर आमच्या घराचा क्रमांक चार आहे. भाऊजींनी कपाळाला हात लावला. तिकीट घेण्याआधी वहीत तीन गुण, घेतल्यावर पाच. एलेन लँगर यांचा १९७५ मधला लॉटरीचा प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगत असे : एक डॉलरचे तिकीट ज्यांनी स्वतः निवडले होते, ते परत विकायला त्यांनी सरासरी साडेआठ डॉलरच्या वर मागितले, आणि ज्यांच्या हातात ते नुसते ठेवले गेले ते दोन डॉलरच्या आतच समाधानी होते. निवडीने तिकिटाची किंमत चौपट होते. मला वाटत असे की हे ऐकल्यावर कोणी शहाणा माणूस असे करणार नाही. माझा चार नंबर शेवटून दुसरा आला आणि मला त्या घोड्याचा चक्क राग आला, जणू त्याने माझ्या घरी येऊन काही कबूल केले होते.

दुसऱ्या रेसला मी भाऊजींचे ऐकले. ते आधी पेडॉककडे घेऊन गेले. तिथे रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात आणि हाताच्या अंतरावरून पाहता येतात. दोन हजारांतली सगळ्यात वसूल झालेली गोष्ट हीच, हे आत्ताच सांगून टाकते. घामाने काळी पडलेली मान, नाकपुड्यांची उघडझाप, लगाम धरून चालणाऱ्या मुलाच्या खांद्यावर एका घोडीने मध्येच टेकवलेले तोंड. हे पाहायला पैज लावावी लागत नाही. भाऊजी मात्र निराळेच काही पाहत होते. कोणाचे मागचे पाय कसे पडतात, कोण जास्त घामेजला आहे, कोणावर किती किलो वजन ठेवले आहे, मागच्या खेपेला अंतर किती होते. "आधी घोडा बघा, मग भाव बघा. तुम्ही आधी भाव बघता," असे म्हणून त्यांनी दोन नंबरवर बोट ठेवले. दोन नंबर आला. तो फेव्हरिटच, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेला घोडा, असल्याने डिव्हिडंड थोडाच होता. दोनशेच्या जागी तीनशे दहा रुपये हातात आले.

भाऊजींच्या ज्ञानाची मी थट्टा करणार नाही. १९८६ साली सेसी आणि लायकर यांनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका रेसकोर्सवरच्या तीस जुन्या पंटरांचा, म्हणजे पैज लावणाऱ्यांचा, अभ्यास केला. त्यांतले निष्णात लोक कित्येक घटकांचा परस्परांवर होणारा परिणाम मनातल्या मनात जोखत होते, आणि या कौशल्याचा त्यांच्या बुद्ध्यंकाशी काही संबंध नव्हता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले आहे. कौशल्य आहेच. अडचण ही की कौशल्य घोडा ओळखण्यात असते आणि पैसे भावावर मिळतात. जे भाऊजींना दिसते ते शेजारच्या शंभर जणांनाही दिसत असते, त्यामुळे चांगल्या घोड्याचा भाव आधीच खाली आलेला असतो. 'कौशल्य' हा शब्द कायद्याच्या दृष्टीने अचूक असेल, पण तो पंटरच्या कानात फार गोड वाजतो. जिंकलो तर नजर चांगली, हरलो तर जॉकीने घात केला. मी भाऊजींना विचारले, इतक्या वर्षांत एकूण किती आले आणि किती गेले? ते हसून म्हणाले, "वहिनी, गेलेले कोणी लिहून ठेवते का?" कारखान्यात असताना याच माणसाने यंत्राच्या प्रत्येक बिघाडाची नोंद तारीखवार ठेवली होती, हे मला माहीत आहे.

तिसऱ्या रेसपासून माझी घसरण सुरू झाली आणि तिचे कारण दुसऱ्या रेसमधला विजय हे होते. ते तीनशे दहा रुपये मी पाकिटात टाकलेच नाहीत. वेगळे, हातात धरले. ते 'माझे' नव्हते ना! थेलर आणि जॉन्सन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की नुकत्याच जिंकलेल्या पैशाने माणूस अधिक बेदरकारपणे खेळतो, कारण मनातल्या खतावणीत त्याचे पान निराळे असते. घरी वाण्याच्या हिशोबात दहा रुपयांसाठी वाद घालणारी मी, त्या तीनशे दहांपैकी तीनशे एका अशा घोड्यावर लावून मोकळी झाले की ज्याचा भाव पाहून भाऊजींनी फक्त "बरं" एवढेच म्हटले. लांब भावाच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी पण जिंकला तर पैसे पुष्कळ अशा घोड्याचे आकर्षण जगभर सारखे आहे. अमेरिकेतल्या १९९२ ते २००१ या काळातल्या रेसची प्रचंड आकडेवारी स्नोबर्ग आणि वुल्फर्स यांनी तपासली. नेहमी फेव्हरिट लावणाऱ्याचे शंभरातले साडेपाचच्या आसपास गेले, डोळे मिटून कुठलाही घोडा लावणाऱ्याचे तेवीस, आणि शंभरास एक किंवा त्याहून लांब भावाच्या घोड्यांमागे लागणाऱ्याचे एकसष्ट. त्यांचा निष्कर्ष मला फार पटतो : असा माणूस धाडसी असतो असे नाही, त्याला शंभरात एक ही शक्यता आहे त्यापेक्षा मोठी दिसते. माझा घोडा मैदानाच्या दुसऱ्या टोकालाच मागे पडला. त्या तीनशेचे दुःख मला दहा मिनिटेही झाले नाही, आणि हेच काळजीचे होते.

चौथ्या रेसबद्दल मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे. चौदाशे मीटरची रेस होती आणि मी सहा नंबर लावला होता. आधी चार गुण, नंतर साडेपाच. घोडे गेटमध्ये शिरू लागले की स्टँडमध्ये एक विशिष्ट शांतता येते. ती मला त्या दिवशी सर्वांत जास्त आवडली आणि तिचीच मला आता भीती वाटते. फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांच्या २००३ मधल्या माकडांवरच्या प्रयोगात असे दिसले होते की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा, संकेत दिसल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या प्रतीक्षेत, मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची हालचाल सर्वाधिक चढत जाते. म्हणजे सुख जिंकण्याचे कमी आणि न कळण्याचे जास्त. गेट उघडले. शेवटच्या वळणावर सहा नंबर बाहेरच्या बाजूने वर आला, मी उभी राहिले, पर्स मांडीवरून खाली पडली, आणि गेल्या कित्येक वर्षांत मी इतक्या मोठ्याने ओरडले नसेन. दोन घोडे एकत्र पार झाले. फोटो फिनिश. दोन-तीन मिनिटे फलकावर काहीच नाही. मग निकाल आला : सहा नंबर दुसरा, मानेइतक्याही नव्हे, नाकाइतक्या अंतराने.

'विन'च्या तिकिटाला दुसऱ्या क्रमांकाचा आणि शेवटच्या क्रमांकाचा भाव एकच असतो : शून्य. पहिल्या रेसमधल्या चार नंबरइतकेच माझे दोनशे गेले होते. पण मला हरल्यासारखे वाटत नव्हते. जिंकता जिंकता राहिले असे वाटत होते, आणि या दोन भावनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की थोडक्यात हुकलेल्या डावाने मेंदूतले तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात, आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते, विशेषतः निवड स्वतः केलेली असेल तर. जुगाराच्या यंत्रांत असे हुकणे मुद्दाम घडवून आणता येते. इथे ते खरे असते, घोड्याच्या नाकाने मोजलेले, म्हणून अधिकच खरे वाटते. मी वहीत सहा नंबरच्या नावाखाली रेघ मारली. का मारली, ते तेव्हा लिहिले नाही.

पाचव्या रेसला मी रेसचे पुस्तक उघडून अभ्यासच केला. आधीच्या पाच शर्यती, अंतरे, वजने, जॉकी, प्रशिक्षक, सकाळच्या सरावाच्या वेळा. वीस मिनिटांनी मला अगदी तज्ज्ञ झाल्यासारखे वाटू लागले. पॉल स्लोविक यांनी १९७३ मध्ये आठ अनुभवी जाणकारांना आधी पाच, मग दहा, वीस आणि चाळीस बाबींची माहिती दिली होती. माहितीबरोबर त्यांचा आत्मविश्वास वाढत वाढत जवळपास दुप्पट झाला. अंदाज जेवढे बरोबर यायचे तेवढेच आले. मी सहा गुण लिहिले आणि घोडा तिसरा आला. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सहाव्या रेसला मी खेळले नाही. चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले आणि माणसे पाहिली. रेसकोर्सविषयी आपल्या मध्यमवर्गीय मनात जी प्रतिमा असते तिच्यातल्या टोप्या आणि मोत्यांच्या माळा त्या दिवशी मला फारशा दिसल्या नाहीत. दिसले ते चौकटीचे शर्ट घातलेले, शर्टाच्या खिशात पेन खोचलेले, साठीकडे झुकलेले पुरुष, मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलणारे. हरल्यावर कोणी आरडाओरडा करत नव्हते. एक गृहस्थ मात्र माझ्या लक्षात राहिले. निकाल लागला की ते तिकीट फाडत नसत. त्याची बारीक घडी घालून पाकिटाच्या मागच्या कप्प्यात ठेवत, आणि लगेच पुढच्या रेसचे पान उघडत. सहा रेसच्या सहा घड्या मी मोजल्या. जिंकलेल्या तिकिटावर पैसे मिळून ते खिडकीपलीकडे जाते, तेव्हा त्या कप्प्यात फक्त हार साठत होती. तोही एक हिशोबच म्हणायचा, फक्त बेरीज न केलेला.

सातव्या रेसपर्यंत लागोपाठ चार रेसमध्ये फेव्हरिट पडला होता. माझ्या मागे कोणीतरी म्हणाले, "आता फेव्हरिट यायलाच पाहिजे." ही चूक कोणत्या नावाने ओळखली जाते ते मला ठाऊक आहे, आपल्याकडे तर ती घराघरांत शिकवली जाते. चार मुलींनंतर आता मुलगाच होणार, असे म्हणणाऱ्या आजीबाई आणि हा पंटर एकाच शाळेतले. घोड्याला आधीच्या रेसचे निकाल माहीत नसतात. तरीही मी फेव्हरिट लावला, आणि तो आला. दोनशे ऐंशी मिळाले. भाऊजी खूश झाले. मला मात्र वाटते की दिवसभरातली सर्वांत हानिकारक घटना हीच होती, कारण चुकीच्या तर्काला रोख बक्षीस मिळाले, आणि मन तर्क विसरते पण रोख रक्कम विसरत नाही.

आठव्या रेसच्या आधी पाकिटात एक हजार दोनशे नव्वद रुपये होते. म्हणजे मी सातशे दहाने मागे होते. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट आता मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते : तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या सुखापेक्षा जास्त जाणवते, आणि तोट्यात असलेला माणूस एरवी टाळेल अशी जोखीम पत्करतो. त्याच लेखात त्यांनी मॅकग्लॉथलिन यांच्या १९५६ मधल्या निरीक्षणाचा दाखला दिला आहे. दिवसाच्या शेवटच्या रेसला लांब भावाच्या घोड्यांकडे लोकांचा ओढा वाढतो. कारण सोपे आहे. घरी जाताना 'बरोबरीत' जायचे असते, आणि दिवसभराचा तोटा भरून काढण्याइतका भाव फक्त लांबच्या घोड्यालाच असतो. सकाळी निघण्यापूर्वी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते : 'शेवटच्या रेसला दोनशेच्या वर नाही. मॅकग्लॉथलिन आठवावा.' ते पान मी उघडलेही. मॅकग्लॉथलिन आठवलाही. मग आठच्या भावाच्या एका घोड्यावर सहाशे रुपये लावले, ज्यात चहापाण्याचेही चारशे धरले होते. त्या नोंदीचे अक्षर नंतर पाहिले तर बाकी पानांपेक्षा ठळक आणि तिरपे आहे. आधी पाच गुण, नंतर साडेसहा. घोडा पाचवा आला. पाकिटात सहाशे नव्वद उरले. चहाचे पैसे भाऊजींनी दिले होते.

तर एक हजार तीनशे दहा रुपयांत काय मिळाले? पाच तास मोकळ्या हवेतले, उत्तम घोडे अगदी जवळून पाहिले, आणि स्वतःच्या मनाची एक अशी तपासणी झाली की जी एकतीस वर्षांच्या अध्यापनाने झाली नव्हती. एखाद्या सहलीचा खर्च म्हणून तो मला जास्त वाटत नाही. पैज म्हणून पाहिले तर ती वाईट खरेदी आहे, आणि ती वाईट आहे हे कुठे लपवलेलेही नाही; कर कायद्यात आहे, डिव्हिडंड फलकावर आहे. माझ्या दृष्टीने रेसकोर्सचा खरा गुण त्याचा संथपणा आहे. दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात उठावे लागते, रांगेत उभे राहावे लागते, नोट मोजून द्यावी लागते, ओळखीचे कोणी भेटते. संध्याकाळ झाली की रेस संपतात आणि तुम्हाला घरी जावेच लागते. मला सहाशेवर थांबवले ते माझ्या ज्ञानाने नव्हे. नववी रेस नव्हती म्हणून मी थांबले.

हा अडसर काढून टाकला तर काय होते ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला दाखवले आहे. तो नोकरीसाठी हिंजवडीला जातो आणि बसमध्ये मोबाइलवर ऑप्शनचे सौदे, म्हणजे शेअर बाजार वर जाईल की खाली यावरचे सौदे, करत असे. ॲपचे नाव इथे लिहिण्याची गरज नाही. मी ते उघडून पाहिले. नोटा नाहीत, रांग नाही, सूर्यास्तही केवळ बाजारापुरता. सौदा करायला अंगठा आणि तोटा दिसायला दोन सेकंद. उघडताना सूचना येतेच की दहापैकी नऊ जणांना निव्वळ तोटा झाला आहे. दलालांनी ती दाखवावी असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, नियम जुलै २०२३ पासून आहे. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना या सौद्यांत तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. मी त्याला विचारले, ही सूचना वाचून काय वाटते? "मॅडम, ती बाकीच्या नऊ जणांसाठी असते." भाऊजींची नजर, माझा चार नंबर आणि याचा अंगठा यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही, वेगाचा दिसतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. तिथे खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच गैरलागू ठरवला आहे, आणि मानसशास्त्राच्या बाजूने पाहता तो पूर्वीही फारसा लागू नव्हता.

कोणी जाणार असेल तर माझे सांगणे असे. पाकीट वेगळे ठेवा आणि कार्ड घरी ठेवा. जिंकलेले पैसे त्याच पाकिटात टाका, हातात धरू नका. वही न्याच, आणि तिच्यात गेलेले लिहा. ज्यांना घरी न सांगता जावे लागते, उधार घ्यावे लागते किंवा गेलेले परत मिळवण्यासाठीच जावे लागते, त्यांनी मात्र जाऊ नये. जुगाराचे हे रूप दारूसारखेच व्यसन आहे आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ पासून ते त्याच प्रकरणात घातले आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत अचानक जुगाराची ओढ निर्माण होऊ शकते, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. असे घरात कोणी असेल तर डॉक्टरांना विचारा, त्या माणसाला दोष देऊ नका.

परतताना रिक्षात भाऊजींनी पुढच्या रविवारचे विचारले. मी म्हटले, नको, एकदा पुरे. ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी मी वर्तमानपत्राचे खेळाचे पान उघडले. एरवी ते मी रद्दीत टाकताना सुद्धा पाहत नाही. रविवारच्या तिसऱ्या रेसमध्ये, सोळाशे मीटरला, वहीत ज्याच्या नावाखाली रेघ मारली होती तो घोडा होता. मी भाऊजींना फोन केला आणि म्हटले, "या खेपेला वजन किती ठेवले आहे हो त्याच्यावर? नुसते विचारतेय."